महालक्ष्म्यांची कमान: नागपूरच्या नंदनवनातली रोजनिशी

25 जुलै 2025, शुक्रवार

श्रावण लागला. महालक्ष्म्या बसायला अजून महिना आहे, पण कमानीचं आजच बोलून घेतलं. यंदा कागदाची करायची, घरच्या कटिंग मशीनवर कापून. थर्माकोल आमच्याकडून 2018 सालीच गेलं. त्या वर्षी 23 मार्चला राज्य शासनाची प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली आणि सजावटीचं थर्माकोलही तिच्यात आलं. मुंबईत नानासाहेब शेंडकर त्याच्या कितीतरी आधीपासून ‘उत्सवी’च्या पुठ्ठ्याच्या मखरांचा आग्रह धरून होते. आम्ही मात्र इतकी वर्षं पडदे आणि साड्यांवर भागवलं.

धाकट्या जावेनं कमानीची एक फाइल ऑनलाइन विकत घेतली होती, ती पेनड्राइव्हवर घेऊन आली. नावाच्या शेवटी एसव्हीजी लिहिलेलं. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये कमान छान दिसली, पण कापायची रेघ एकही मिळेना. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एसव्हीजी मुळात मजकुराचीच फाइल असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं 2001 साली तिचं प्रमाण ठरवलं, आणि साध्या नोटपॅडमध्ये कुणीही ती वाचू शकतो. आत ‘पाथ’ हा शब्द आणि त्यापुढे बिंदूंचे आकडे दिसायला हवेत. इथे एकच ‘इमेज’ आणि त्यापुढे पानंच्या पानं अर्थ न लागणारी अक्षरं. कुणीतरी जेपीजी फोटो उचलून एसव्हीजीच्या पाकिटात घातला होता. फुकटच्या कन्व्हर्टरमधून निघालेल्या फाइली बरेचदा अशाच असतात.

“म्हणजे पैसे गेले न ताई माझे?” जाऊ म्हणाली. पैसे गेले, पण विकत घेण्याआधी काय विचारायचं ते आता तिला ठाऊक झालं. मशीनला चित्र दिसत नाही. पातं कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत, कसं वळवत न्यायचं, एवढंच त्याला सांगता येतं. फोटोत रंगाचे ठिपके असतात, वाट नसते. ती वाट कुणीतरी काढावी लागते, आणि या सगळ्या हस्तकलेतलं खरं कसब तिथेच आहे असं मला वाटतं. कापणं हे नंतरचं काम.

27 जुलै, रविवार

दुपारी सासूबाईंनी पेटीतून पावलांचा जुना छापा काढून दिला. पुठ्ठ्यावर पेननं पावलं काढून ब्लेडनं कोरलेला. त्यावर रांगोळी चाळून दारापासून देवघरापर्यंत पावलं उमटवायची. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातचा आहे. कडा झिजल्या आहेत, एक बोट फाटून चिकटपट्टीनं जोडलेलं.

याची फाइल करायची तर थेट छाप्याचा फोटो काढून चालत नाही. सावली पडते, मोबाइल तिरपा धरला तर पाऊल एका बाजूला पसरतं. छापा कोऱ्या कागदावर ठेवला, आतून पेन्सिल फिरवली आणि पावलाचा आकार काळ्या मार्करनं पूर्ण भरून काढला. भरणं महत्त्वाचं. नुसती पेनाची कडा स्कॅन केली तर त्या रेघेला जाडी असते आणि सॉफ्टवेअर तिच्या दोन्ही अंगांनी वाट काढतं. मग मशीन एकाच पावलाभोवती दोनदा कापतं आणि मधून केसाएवढी कागदाची पट्टी निघते. भरलेल्या काळ्या आकाराला कड एकच.

600 डीपीआयवर, काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं. इंकस्केप उघडून ‘ट्रेस बिटमॅप’. त्याच्या पोटात पीटर सेलिंगर या गणितज्ञाचा पोट्रेस नावाचा प्रोग्राम काम करतो. उजेडाची सीमा आपण ठरवायची, त्याहून गडद ते काळं धरून तो कडेनं वळणदार रेघ घालतो. बारीक ठिपके गाळण्याचीही सोय आहे. ती वापरली नाही तर कागदावरची धूळसुद्धा मशीन इमानदारीनं कापत बसतं.

ट्रेस झाल्यावर एका पावलात बिंदूच बिंदू. इतके बिंदू असले की पातं कडेनं थरथरत जातं आणि कागद दातऱ्या पडल्यासारखा निघतो. ‘सिम्प्लिफाय’ दाबलं की बिंदू कमी होतात खरे, पण पावलाचा स्वभावही जातो. या छाप्यातली करंगळी जरा बाहेर वळलेली आहे, टाच किंचित अरुंद. दोनदा सिम्प्लिफाय केलं की कुठल्याही बाजारातल्या स्टिकरवरचं पाऊल उरतं. म्हणून ट्रेस खालच्या थरावर फिकट करून ठेवला आणि वरून पेन टूलनं हातानं पाऊल पुन्हा काढलं. बिंदू फक्त जिथे वळण बदलतं तिथे. करंगळी आहे तशीच ठेवली. वेळ लागला. तो लावावा असं माझं ठाम मत आहे. जुनं काही फाइलमध्ये आणायचं तर त्याचा हात त्यात राहायला हवा.

उजवं पाऊल एकदाच काढलं, डावं आडवं पलटून घेतलं.

30 जुलै, बुधवार

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून येता येता कागद बघितला. कमानीच्या मागच्या थराला 250 जीएसएमच्या आसपासचा, पुढच्या जाळीला 160 ते 180. त्याहून जाड कागद घरच्या मशीनवर बारीक नक्षीला फाटतो, आणि पातळ घेतला तर पंख्याच्या वाऱ्यानं मान टाकतो. आठवडाभर कागद कोरड्या कपाटात ठेवणार. या दिवसांत हवेत ओल असते, आणि ओल धरलेला कागद पात्याखाली तुटण्याऐवजी ओढला जातो.

3 ऑगस्ट, रविवार

आज अक्षरं. कमानीच्या माथ्यावर ‘॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥’ यायचं आहे. यावर सविस्तर लिहून ठेवते, कारण मशीनबरोबर येणारी शिकवणी सगळी रोमन लिपीसाठी असते. तिथे ए, बी, सी एकमेकांपासून सुटी. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून उभी.

इंकस्केपमध्ये शब्द टाइप केला की तो अजून मजकूरच असतो. मशीनला द्यायचा तर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून त्याची बाह्यरेषा करावी लागते. देवनागरीत ते केलं की प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन वेगळं होतं आणि ते तुकडे एकमेकांवर जरासे चढलेले असतात. पडद्यावर सगळं सलग काळं दिसतं, कळतही नाही. मशीन मात्र प्रत्येक तुकड्याची कड कापतं. ‘महालक्ष्मी’ उचलायला जावं तर म, हा, ल, क्ष्मी वेगवेगळे हातात येतात. यावर उपाय सोपा आहे: सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करायचं, दुसऱ्या सॉफ्टवेअरांत त्यालाच ‘वेल्ड’ म्हणतात. मग शिरोरेषा एक होते. वेलांटी, काना, मात्रा जिथे अक्षरावर चढतात तेही सांधले जातात. खात्री करायची तर रंग काढून फक्त बाह्यरेषा दाखवणारा ‘आउटलाइन’ देखावा लावावा. अक्षराच्या पोटातून आडवी जाणारी एकही रेघ तिथे दिसता कामा नये.

दुसरी गोष्ट ‘ल’ची. हिंदी वळणाचा ल आणि आपला पाकळीयुक्त ल वेगळे, तसाच देठयुक्त श. राज्य शासनानं 2022 साली शासन निर्णय काढून ही मराठी वळणं लेखनात वापरायला सांगितलं. संगणकात मात्र दोन्हींसाठी युनिकोडचा क्रमांक एकच आहे. कोणतं रूप दिसेल ते फाँट आणि मजकुराची भाषा ठरवते. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की नोटो सान्स देवनागरीत आपला ल आपोआप येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट तर आपल्या वळणांसाठीच काढलेला आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याची भावंडं वेगळी. एकदा बाह्यरेषा केली की अक्षर गोठतं, मग भाषा बदलून उपयोग नाही. म्हणून ल आणि श त्याआधीच बघायचे. महालक्ष्मीच्या नावात परका ल लटकलेला मला बघवत नाही.

टिरो देखणा आहे, पण त्याच्या बारीक रेघा फार बारीक. दीड मिलीमीटरपेक्षा अरुंद कागद माझ्या मशीनवर टिकत नाही, आणि चार इंच उंचीच्या अक्षरांत रफार, वेलांटीची टोकं त्याहून खाली जातात. मुंबईच्या एक टाइपनं केलेला बलू हा जाडसर, गोल कोपऱ्यांचा फाँट कापायला उत्तम. त्यांचाच मुक्ता मध्यम जाडीचा. तिन्ही मुक्त परवान्याचे, कुणालाही फुकट घेता येतात. मी टिरोतच काढलं आणि बारीक रेघांना ‘आउटसेट’नं जरा फुगवून घेतलं. जाड रेघा त्यानं आणखी जाड झाल्या, त्या हातानं आत ओढल्या. दुपार गेली. पण ‘क्ष्मी’ हे जोडाक्षर असं काही सुंदर आलंय की मुलगी येऊन दोनदा बघून गेली.

6 ऑगस्ट, बुधवार

मोठ्या पाट्या आणि बाहेरच्या दारावरची अक्षरं घरच्या मशीनवर होत नाहीत. त्याची रुंदी बारा इंच. त्यासाठी जगनाडे चौकाकडच्या रेडियमवाल्या भाऊंकडे गेले. नागपुरात गाडीच्या नंबरपासून दुकानाच्या काचेपर्यंत चिकटवायचं व्हिनाइल म्हणजे सगळं रेडियमच. त्यांच्याकडे रोज कोरलड्रॉ चालतं, तेही जुनं.

“ताई, व्हर्जन बारात सेव्ह करून आणा जी, आणि फाँट नको, कर्व्ह करून आणा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामागे मोठा अनुभव आहे. जुन्या कोरलला युनिकोड मराठी नीट जुळवता येत नाही, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. म्हणून ही दुकानं अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीत काम करतात. त्या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की देवाच्या नावाऐवजी एबीसीडीची खिचडी दिसते. कंट्रोल क्यू दाबून कर्व्ह केले की ही भानगडच उरत नाही. अक्षराचा आकार होतो आणि आकाराला फाँट लागत नाही.

त्यांचा प्लॉटर शेवटी पीएलटी फाइल घेतो. ती एचपीच्या जुन्या प्लॉटर भाषेतली. पेन उचल, पेन टेकव, इथे जा, एवढ्याच आज्ञा. एका मिलीमीटरात 40 एकक. घरच्या चिमुकल्या मशीनचंही तत्त्व तेच आहे, पेनाच्या जागी पातं. भाऊंनी मला त्यांच्या प्लॉटरची पाती, त्यांचे 45 आणि 60 अंशांचे कोन दाखवले, जाड मालाला कोणतं लावायचं ते सांगितलं. वीसेक मिनिटं गिऱ्हाईक थांबवून ठेवलं होतं माझ्यासाठी.

12 ऑगस्ट, मंगळवार

जावेच्या मैत्रिणीनं पुण्याहून कोयरीची वेल पाठवली. खरी एसव्हीजी, खऱ्या रेघा. पण वेल 20 सेंटिमीटरची असायला हवी होती ती आली 15 ची. याचं कारण एकदा समजलं की आयुष्यभर पुरतं. एसव्हीजीत बरेचदा मापं मिलीमीटरमध्ये न लिहिता पिक्सेलमध्ये लिहिलेली असतात, आणि एका इंचात किती पिक्सेल यावर सगळ्या सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. इलस्ट्रेटर 72 धरतो. इंकस्केप आधी 90 धरायचा, 2017 सालच्या 0.92 आवृत्तीपासून 96 धरतो. 72 ची फाइल 96 नं वाचली की माप पाऊणपट होतं. जुन्या इंकस्केपची फाइल नव्यानं तशीच वाचली तर 30 सेंटिमीटरची पट्टी 28 च्या जरा वर येते, हा फरक डोळ्याला कळत नाही आणि जोड मात्र जुळत नाहीत.

डीएक्सएफमध्ये तर आणखी घोळ. ऑटोकॅडच्या घरातली ही फाइल. आकडा लिहिलेला असतो, पण तो इंच की मिलीमीटर हे बरेचदा वाचणारा आपल्या मनानं धरतो. चुकलं की 25.4 पट. शिवाय गोल वळणांचे अनेकदा बारीक सरळ तुकडे होतात. तरी ती लागते, कारण सिल्हूट मशीनच्या सिल्हूट स्टुडिओची फुकटची आवृत्ती डीएक्सएफ उघडते, एसव्हीजीसाठी पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. क्रिकट मशीनचं डिझाइन स्पेस एसव्हीजी थेट घेतं. ब्रदरच्या मशीनची स्वतःची एफसीएम, आणि तिथे नेण्यासाठी त्यांचं कॅनव्हास वर्कस्पेस.

माझा उपाय असा की प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात बरोबर 5 सेंटिमीटरचा एक चौकोन काढून ठेवायचा. समोरच्यानं कशातही उघडावी, चौकोन मोजावा, कमीजास्त असेल तर सगळं एकत्र निवडून त्या प्रमाणात वाढवावं. कापण्याआधी चौकोन पुसून टाकायचा. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर हा चौकोन घातल्याशिवाय देऊ नये.

16 ऑगस्ट, शनिवार

रांगोळीचा छापा. कमानीत अक्षरं उरतात आणि भोवतीचा कागद जातो, छाप्यात नेमकं उलट. अक्षर कापून जातं, भोवतीचा कागद राहतो. आणि इथे देवनागरी अवघड होते. शिरोरेषेनं वरून झाकलं की प, म, ष यांची पोटं चारही बाजूंनी बंद होतात, व, ब, क यांची तर आधीच बंद. अक्षर कापलं की ही पोटंही गळून पडतात आणि ‘प्रसन्न’मधला प नुसता डाग होतो. प्रत्येक पोट बाहेरच्या कागदाला बारीक पट्ट्यांनी बांधून ठेवावं लागतं. मी त्याला पूल म्हणते.

पूल कुठे घालायचे यात नजर लागते. उभ्या दांड्यावर घातला तर अक्षर तुटकं दिसतं. शिरोरेषेला छेद दिला तर वाचणारा तिथे शब्द संपला असं समजतो. मला वाटतं प आणि म यांत खालून, जिथे हात लिहितानाही जरा हलका होतो, तिथे पूल बरे. रुंदी तीन मिलीमीटर, कारण यावर रांगोळी चाळायची आहे, हात दाबला जातो. फाइलमध्ये पूल म्हणजे एक आयत. तो अक्षरावर ठेवायचा आणि ‘डिफरन्स’नं वजा करायचा. वजाबाकी करण्याआधीची प्रत वेगळ्या नावानं ठेवायची, म्हणजे पूल हलवता येतो.

मथुरेची सांझी याच विद्येवर उभी आहे. तिथे कात्रीनं कागदात कृष्णलीला कापतात आणि कुठलाही तुकडा सुटा न राहील असा प्रत्येक आकार शेजाऱ्याला धरून असतो. आमच्या सासूबाईंच्या छाप्यातसुद्धा बोटं पावलाला चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या सोडलेल्या आहेत. जाऊबाईंना कुणी शिकवलं होतं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, “शिकवते कोण माय? फाटलं की समजत गेलं.”

19 ऑगस्ट, मंगळवार

कमान साडेचार फूट रुंद, मशीनची मॅट बारा इंचाची. कडा सोडून एका वेळी 28 सेंटिमीटरचाच तुकडा सुरक्षित कापता येतो. त्यामुळे कमान तुकड्यांत. जोड कुठे येणार ते नक्षी काढतानाच ठरवलं आहे, नंतर कुठेही चिरलं तर मोराची मान मधोमध तुटते. अर्धीच कमान काढली, दुसरी पलटून. प्रत्येक जोड एका पानामागे लपतो आणि प्रत्येक तुकड्याला मागे 12 मिलीमीटरचा कान, चिकटवायला.

23 ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. गल्लीतली पोट्टी लाकडी बैल घेऊन फिरली. भोसल्यांच्या काळापासून नागपुरानं जपलेला हा लेकरांचा सण. मुलीच्या बैलासाठी झूल कागदाची केली, पाठीवर घडी आणि दोन्ही बाजूंना जाळी.

घडीच्या रेघेबद्दल लिहून ठेवायचं होतं ते या निमित्तानं. कापायची रेघ लाल, दुमडायची निळी, असे रंग ठेवले की मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगावरून काम वाटून देता येतं. पण घडीसाठी फाइलमध्ये नुसती तुटक रेघ दाखवून भागत नाही. तुटकपणा हा तिचा पोशाख असतो, खाली वाट अखंडच असते. बरीच मशीनं पोशाख बघत नाहीत, वाट बघतात, आणि झूल दोन तुकडे होऊन पडते. रेघेचे खरोखरचे तुकडे करून द्यावे लागतात. रेघेच्या जाडीचंही तसंच. पडद्यावर रेघ कितीही जाड करा, पातं तिच्या मधोमध एकदाच जाणार.

सकाळी शहराच्या महाल भागात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघाली. तिच्यातल्या बडग्यांवरचे, म्हणजे पुतळ्यांवरचे, फलक बघायला मी दरवर्षी जाते. जाड ब्रशनं, घाईत लिहिलेली ती अक्षरं अशी जोरकस असतात की त्यांवरून एक फाँट निघावा.

26 ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. सकाळची पूजा आटोपून कापायला बसले. नव्या कागदावर आधी एक छोटा त्रिकोण आणि गोल कापून बघायचा, कोपरा स्वच्छ सुटला तरच पुढे. फिरत्या पात्याचं टोक त्याच्या दांड्याच्या मध्यापासून जरा मागे असतं, ते ओढत चालतं. म्हणून टोकदार कोपऱ्यावर पातं वळताना कागद चिमटतो. फाइलमध्ये टोकाला अर्ध्या मिलीमीटरची गोलाई दिली की हा त्रास जातो, आणि दिसण्यात काही उणं होत नाही.

कापण्याचा क्रमही फाइलमध्येच ठरवून घेतला. आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. बाहेरची आधी कापली की तुकडा मॅटवर सुटतो आणि आतली नक्षी सरकते. दुपारी वीज गेली, एक पान अर्धवट राहिलं, ते टाकावं लागलं. बाकी सगळं निघालं. उद्या गणपती. रात्री चितारओळीतून मूर्ती आणायला दीर गेले तेव्हा इकडे आम्ही जावा-जावा जमिनीवर बसून कान चिकटवत होतो.

31 ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. कोठ्यांवर मुखवटे चढले, बाळं बसली, कमान मागे उभी आहे. पावलं जुन्या छाप्याच्या मापानंच नव्या छाप्यातून उमटवली. ‘कोणत्या पावलांनी आल्या?’ ‘सोन्याच्या, रुप्याच्या’ म्हणत सासूबाई मुखवटा घेऊन त्यांवरून आत आल्या. करंगळी त्यांनी ओळखली.

3 सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. आज फाइली लावून ठेवल्या. प्रत्येक कामाच्या तीन प्रती. पहिलीत मजकूर अजून मजकूरच आहे, फाँटचं नाव आणि फाँटची फाइलही त्याच फोल्डरमध्ये. दुसरीत बाह्यरेषा, युनियन, पूल, सगळं झालेलं. तिसरी मशीनची. ही तिसरी फेकली तरी चालते. मशीनच्या स्वतःच्या फाइली त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरबाहेर सहसा उघडत नाहीत. मशीन बदललं, कंपनीनं आवृत्ती बदलली, की वर्षाची मेहनत कुलपात. एसव्हीजी निदान नोटपॅडमध्ये तरी उघडते.

शेजारच्या काकूंनी, जावेच्या मैत्रिणीनं, आणि महालात राहणाऱ्या दोघींनी पावलांची फाइल मागितली आहे. चौकोन घालून देणार आहे, पैसे घेणार नाही. त्याबदल्यात प्रत्येकीकडून एक मागणं आहे. तुमच्या घरी रांगोळीचा छापा असेल, रुखवतातलं कातरकाम असेल, कुणा आजीच्या वहीत चैत्रांगण काढलेलं असेल, तर ते पेटीत ठेवून देऊ नका. कोऱ्या कागदावर उतरवा, आकार काळे भरा, 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि आम्हाला पाठवा. बाह्यरेषा काढून, माप घालून मी फाइल परत करेन. बाजारात विकत मिळणाऱ्या फाइलींत परदेशी फुलं आणि हरणं पोत्यानं आहेत. आपली पावलं, आपली कोयरी, आपला पाकळीचा ल त्यांत अजून फार थोडा आहे, आणि तो आपणच काढायचा आहे.